पंपघरातला शंभराचा दिवा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. कल्पना करा, तुम्ही एका लाकडी खोपटात उभे आहात. खोपट इतके लहान आहे की दोन्ही हात पसरले तर बोटे दोन्ही भिंतींना टेकतील. बाहेर कमरेइतका बर्फ आहे. वारा सरोवरावरून सुटला आहे आणि त्याला वाटेत अडवायला एक टेकडीसुद्धा नाही. श्वास सोडलात की तो पापण्यांवर पांढरा होऊन बसतो. आता त्या खोपटात, तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर, तारेच्या जाळीत एक दिवा जळतो आहे असे समजा. त्याच्याकडे हात न्या. अजून थोडा जवळ. लागली ऊब?

तो दिवा मीच. मी एक जुना दिवा आहे. शंभर वॉटचा, काचेचा, पोटात बारीक तारेचे वेटोळे असलेला. तुमच्या घरात आता माझ्यासारखा कोणी नसेल. तुमच्या आजीला विचारा, ती मला ओळखेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे काच फुंकत, तार वळत, आतली हवा काढून घेत आणि तळाशी पितळी टोपी बसवत. माझी तार टंगस्टनची. या धातूला कितीही तापवले तरी तो सहजी वितळत नाही. वीज आली की ती तार तापते, लाल होते, मग पिवळी होते आणि उजेड देऊ लागते. एक गोष्ट तुम्हाला खरीखरी सांगतो. मी शंभर भाग वीज घेतो, पण तिच्यातल्या जेमतेम पाच भागांचा उजेड होतो. उरलेल्या पंच्याण्णव भागांची नुसती उष्णता होते. शहाणी माणसे म्हणू लागली, ही उधळपट्टी आहे. त्यांचे बरोबर होते. म्हणूनच आमची विक्री बंद होणार असे एके वर्षी जाहीर झाले.

त्या वर्षी दुकानात एक उंच म्हातारे गृहस्थ आले. त्यांचे नाव हालदोर. मॅनिटोबा नावाच्या दूरच्या थंड प्रांतात, विनिपेग सरोवराच्या काठी त्यांचे शेत होते. त्यांचे पणजोबा आइसलंडहून बोटीने येऊन तिथे राहिले होते. त्या लोकांत आजोबांना आफी म्हणतात आणि आजीला अम्मा. मीही त्यांना आफीच म्हणेन. आफींनी आमची दोन मोठी खोकी उचलून गल्ल्यावर ठेवली.

दुकानातला तरुण हसला. "काका, घरात लग्न आहे का? एवढी रोषणाई!"

"लग्न नाही रे. पाणी आहे."

"पाण्याला दिवे?"

"तुझं गाव कोणतं?"

"मी शहरातला."

"तरीच," आफी म्हणाले.

"पण काका, हे नवे घ्या ना. वीज अगदी कमी खातात."

"तेच तर. मला भरपेट जेवून राबणारा गडी हवाय. उपाशी राहून छान दिसणारा नकोय."

तेव्हा मला या बोलण्याचा अर्थ कळला नाही. कळायला बरीच वर्षे जावी लागली, कारण आमची खोकी आफींच्या तळघरात गेली. तिथे बिटाच्या लोणच्याच्या बरण्या होत्या, बटाट्यांची पोती होती. माझे भाऊ एकेक करून वर गेले. काही स्वयंपाकघरात लागले, काही ओसरीवर, काही मेंढ्यांच्या गोठ्यात. मी अंधारात वाट पाहत राहिलो. वाट पाहणे हेही एक काम आहे, मुलांनो, पण त्याचे कौतुक कोणी करत नाही.

अखेर एका शरद ऋतूत आफींनी मला उचलले. त्यांनी मला घरामागच्या त्या खोपटात नेले. विहिरीवरचे ते पंपघर. खाली विहीर, वर पंप, शेजारी पाण्याची लोखंडी टाकी. घरातल्या प्रत्येक नळाचे पाणी इथून जायचे. त्या प्रदेशात हिवाळा असा असतो की उघड्यावरचे पाणी तासाभरात दगड होते. पाणी गोठले की फुगते, आणि फुगले की लोखंडसुद्धा फोडते. म्हणून आफी दर हिवाळ्यात पंपाच्या पोटाजवळ एक दिवा टांगत. जोडीला एक छोटी डबी होती. थंडी वाढली की ती डबी आपोआप दिवा लावायची, आणि ऊब झाली की विझवायची.

तिथे मला पहिल्यांदा उमगले की ज्या पंच्याण्णव भागांसाठी जग मला नावे ठेवत होते, नेमके तेच या घराला हवे होते. माझा उजेड कोणाला नको होता. पंपाला काय वाचायचे होते थोडेच!

उजेडाचा एक उपयोग मात्र होता. पंपघराच्या दाराला तळहाताएवढी काच बसवलेली होती, आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. हिवाळ्यात ते दार उघडायचे नाही, असा आफींचा नियम होता. दार उघडले की साठवलेली ऊब निघून जाते. म्हणून खिडकीतूनच पाहायचे. काच उजळलेली दिसली की पंप सुखरूप आहे असे समजायचे. आफींच्या पत्नी, गुद्रुन अम्मा, रोज संध्याकाळी जेवायला बसण्याआधी पडदा बाजूला करून पाहायच्या आणि म्हणायच्या, "आहे गं बाई, बाळ जागं आहे."

जन्मात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच. मला ती पुरेशी होती.

त्यानंतरच्या वसंतात आफी गेले. ते गेले तेव्हा पंपघराबद्दलचे सगळे काही अम्मांना आणि त्यांच्या मुलाला, स्टेफानला, ठाऊक होते. इतके ठाऊक होते, की ते कधी मोठ्याने बोलावे असे कोणाला वाटलेच नाही.

स्टेफान वीस किलोमीटरवरच्या गावात राहायचा. ऑक्टोबरात तो पंपघराभोवती पेंढ्याचे गठ्ठे रचायला आला. अम्मा त्याला गठ्ठे देत होत्या. काम संपल्यावर दोघे पंपघरात आले, आणि माझ्यासमोरच त्यांचे बोलणे झाले.

"आई, तू एकटी राहतेस, मला झोप लागत नाही."

"मग दूध पीत जा झोपताना."

"चेष्टा नको. गेल्या महिन्यात किटली जळून काळी झाली. तू विसरलीस."

"एक किटली रे. तुझे वडील एकदा ट्रॅक्टर सुरू ठेवून मासे धरायला गेले होते. त्यांना कोणी गावात नेऊन ठेवलं नाही."

स्टेफान हसला नाही. "वृद्धनिवासात एक खोली रिकामी झालीये. खिडकी दक्षिणेकडे आहे."

अम्मांनी माझ्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. "हा एक हिवाळा दे मला," त्या म्हणाल्या. "एवढा हिवाळा मी हे घर नीट सांभाळलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. माझ्या विसरण्यानं काही बिघडलं, तर मी स्वतः पेटी भरीन."

"शब्द?"

"शब्द."

मित्रांनो, गुद्रुन अम्मा शब्द मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. बावन्न वर्षे ज्या घरात त्या राहिल्या, ते घर त्या दिवसापासून एका हिवाळ्याच्या स्वाधीन झाले. आणि त्या हिवाळ्यात पंपाची राखण माझ्याकडे होती.

स्टेफानला एक मुलगी होती. तिचे नाव स्वावा. वय अकरा. ती दर शुक्रवारी संध्याकाळी अम्माकडे यायची आणि रविवारी परत जायची. स्वावा हाती घेतलेले काम पूर्ण करणारी मुलगी होती. अर्धे काम तिला खपत नसे. हा गुण आहे, हे मी आजही म्हणेन.

नोव्हेंबरात तिच्या शाळेत एक पाहुण्या आल्या. त्यांनी मुलांना नव्या एलईडी दिव्यांची माहिती दिली आणि प्रत्येकाला एकेक खोके दिले. घरातले जुने दिवे काढा, हे लावा आणि जुने परत आणून द्या, असे सांगितले. शनिवारी स्वावा ते खोके घेऊन अम्माकडे आली. त्यानंतर घरात काय झाले ते मला माझ्या भावांनी मागाहून सांगितले.

अम्मा साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पीत होत्या. "माझ्या पिवळ्या दिव्यांनी तुझं काय घोडं मारलंय गं?"

"माझं नाही, अम्मा. वीज तयार करायला उत्तरेकडे नद्या अडवल्यात. तिथल्या लोकांची घरं पाण्याखाली गेली. माशांची जागा गेली. आपण कमी वीज वापरली तर आणखी नद्या अडवाव्या लागणार नाहीत."

अम्मांचे वडील आणि भाऊ जन्मभर सरोवरात जाळी टाकत आले होते. अम्मांनी कप खाली ठेवला. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस? थांब, स्टूल मी धरते. तू पडलीस तर तुझा बाप मलाच पेटीत भरून नेईल."

दोघींनी मिळून सगळे घर पालथे घातले. स्वयंपाकघर, माडी, ओसरी, तळघराचा जिना. दुपारी अम्मा दमून आडव्या झाल्या. खोक्यात एक नवा दिवा उरला होता. स्वावाने विचार केला, आता एकच जागा राहिली. अम्मा उठतील तेव्हा सगळे काम झालेले असेल.

पंपघराचे दार उघडले तेव्हा मी जळत होतो. तिने जाळी उघडली, लोकरी हातमोज्यातल्या हाताने मला धरले आणि फिरवले. मी इतका तापलेला होतो की चटका हातमोज्यातून आत गेला. "आई गं!" ती ओरडली, आणि मी तिच्या हातून निसटून जमिनीवर सांडलेल्या पेंढ्यावर पडलो. फुटलो नाही. तिने बोटावर फुंकर घातली, स्वतःशीच हसली आणि माझ्या जागी नवा दिवा बसवला. त्याचा उजेड पांढरा, स्वच्छ, कोपऱ्याकोपऱ्यात पोचणारा. "आता कसं लख्ख!" ती म्हणाली आणि दाराची कडी नीट लावून निघाली.

त्या नव्या दिव्याला मी दोष देत नाही. तो माझ्याहून हुशार आहे. माझ्या दहाव्या हिश्श्याच्या विजेत तो माझ्याइतका उजेड देतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की इथे उजेडाचे काम नाही.

आम्हा सगळ्या जुन्या दिव्यांना बुटांच्या खोक्यात घालून फ्रिजवर ठेवण्यात आले. शाळा ती खोकी नाताळानंतर गोळा करणार होती. खोक्याला झाकण नव्हते. मला छत दिसायचे, आणि खालचे सगळे बोलणे ऐकू यायचे.

रोज संध्याकाळी पडद्याची कडी वाजायची आणि अम्मा म्हणायच्या, "आहे गं बाई, बाळ जागं आहे."

ते ऐकले की माझ्या तारेत वीज नसतानाही काहीतरी हलायचे. अम्मा, ते बाळ मी नव्हे हो! ते जागे आहे, पण त्याच्या अंगात ऊब नाही! पण दिव्याला आवाज नसतो. एकदा त्या म्हणाल्या, "हल्ली उजेड पांढरा का दिसतो कोण जाणे. माझे डोळेच गेले वाटतं." आणि त्यांनी पडदा सोडला.

त्या वर्षी डिसेंबर नरम गेला. पेंढ्याने आणि जमिनीच्या उबेने पंप कसाबसा तगला. मग जानेवारीचा दुसरा आठवडा आला. वारा पडला, आकाश निरभ्र झाले. तिकडे निरभ्र आकाश म्हणजे खरी थंडी. शुक्रवारी रेडिओने उणे एकोणचाळीस सांगितले. त्या संध्याकाळी अम्मा स्वावाला म्हणाल्या, "बघ, दिवा सकाळपासून एकदाही विझला नाही. बिचारा किती राबतोय!"

खरे तर ती धोक्याची खूण होती. आत ऊबच होत नसल्यामुळे ती डबी दिवा विझवत नव्हती. पण उजेड पाहण्याची सवय लागलेल्या डोळ्यांना उजेडात धोका दिसत नाही.

शनिवारी सकाळी अम्मांनी कॉफीसाठी नळ सोडला. नळ खोकला. दोन थेंब पडले. मग काहीच नाही.

"अम्मा, पाणी गेलं?"

"जाईल कसं?" पडद्याची कडी वाजली. "दिवा तर चालू आहे."

तासाभरात स्टेफान आला. त्याने आधी पंपघराचा खटका पाडला, मग डोक्याला विजेरी बांधून आत गेला. परत आला तेव्हा दारात त्याने बुटांवरचा बर्फ झटकल्याचा आवाज आला. तो खुर्चीत बसला, तशी खुर्ची करकरली.

"पंप फुटला. पोटात इथून इथपर्यंत चीर गेलीये. टाकीखालचा नळही गेला."

"पण दिवा..." अम्मा म्हणाल्या.

"दिवा असू दे. उंबऱ्याच्या आत बर्फाची रेघ आहे, आई. दार उघडं राहिलं होतं. तू आत गेली होतीस?"

"नाही. हिवाळ्यात ते दार कोण उघडतं?"

"आठवून बघ."

"नाही गेले, स्टेफान." मग जरा थांबून, बारीक आवाजात, "निदान... मला तरी आठवत नाही."

"तेच म्हणतोय मी. शंभर वॉटचा दिवा आहे तो. शेगडीसारखा तापतो. बंद दाराआड त्याच्या उबेत ते पाणी गोठणंच शक्य नाही. दार उघडं राहिलं, म्हणून गोठलं. तू आत गेलीस, कडी लावायची राहिली, आणि आता तेही आठवत नाहीये."

मग कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आला. अम्मा कप काढत होत्या.

"आई, काय करतेस?"

"खोली लहान असेल ना? सगळे कप मावायचे नाहीत. चार नेते."

"आजच कुठे जायचंय..."

"मी शब्द दिला होता, स्टेफान. आणि तू म्हणतोस ते खरं असेल. मला आठवत नाही म्हणजे मी विसरले. विसरलेलं माणूस आणखी काय सांगणार?"

मित्रांनो, मी उणे चाळीसात राहिलो आहे, पण त्या स्वयंपाकघरातल्या त्या क्षणाइतका गारठा मला कधी वाटला नाही. कारण अम्मांचे घर तर जात होतेच, शिवाय त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जात होता. खरे काय ते मला माहीत होते, आणि मी खोक्यात पडून छत पाहत होतो.

आणखी एकाला ते कळू लागले होते.

ती स्वावा होती. बाप म्हणाला होता, शेगडीसारखा तापतो. तिने खिशातून हातमोजा काढला असावा. त्या हातमोज्याच्या अंगठ्यावर लोकर जळून कडक झालेली होती. तुमच्यापैकी ज्याच्या हातून कधी मोठी चूक झाली आहे, त्याला ठाऊक असेल की अशा वेळी गप्प बसणे किती सोपे असते. तिला कोणी काही विचारले नव्हते. दोष आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर गेला होता. नुसते उभे राहिले तरी चालण्यासारखे होते.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती खुर्चीवर चढली आणि तिचा चेहरा मला छताच्या जागी दिसला. पांढराफटक. तिने खोक्यात हात घालून एकेक दिवा बाजूला केला. माझ्या पितळी टोपीला पेंढ्याची एक काडी अजून चिकटलेली होती. त्या काडीवरून तिने मला ओळखले.

"स्वावा, खाली उतर. खेळायची वेळ आहे का ही?" स्टेफान म्हणाला.

ती उतरली. टेबलावर बटणाचा एक उभा दिवा होता. त्यात तिनेच बसवलेला एलईडी सकाळपासून जळत होता. "बाबा, याला हात लाव."

"कशाला?"

"लाव ना."

त्याने वैतागून काचेवर तळहात ठेवला. "बरं. पुढे?"

"गरम आहे?"

"नाही. जेमतेम कोमट."

तिने बटण बंद केले, तो दिवा काढला आणि मला बसवले. बटण दाबले. दोन महिन्यांनी माझ्या तारेतून वीज धावली. ओठ हलवत तिने साठ आकडे मोजले. मग म्हणाली, "आता लाव."

स्टेफानने हात पुढे केला आणि काचेला लागताच झटकन मागे घेतला. तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळे उलगडत गेलेले मला दिसले, कारण उजेड माझाच होता.

"हा कुठे होता?" त्याने विचारले.

"पंपघरात. नोव्हेंबरपर्यंत. मी काढला. अम्मा झोपली होती, तिला मी सांगितलंच नाही. मला वाटलं, दिवा म्हणजे दिवा." तिने बापाचा हात धरला. "दार अम्मानं नाही उघडलं, बाबा. ती काहीच विसरली नाही. मी केलं हे. तिला नेऊ नकोस. मला काय करायचं ते कर."

अम्मांच्या हातात चौथा कप होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, अगदी हळू, जणू तो काचेचा नसून पाण्याचा होता. मग त्या मटकन बसल्या.

"म्हणजे मी गेलेच नव्हते आत," त्या म्हणाल्या. "नव्हतेच गेले! आणि उजेड पांढरा होता. पांढराच होता तो!"

"आई," स्टेफान म्हणाला, "मी तुला विसराळू म्हटलं."

"म्हटलंस. त्याचं काही नाही रे. मला ते खरं वाटलं, ते वाईट झालं."

स्टेफानने खाली पाहिले. उंबऱ्यातली बर्फाची रेघ प्रत्येक हिवाळ्यात दाराच्या फटीतून आत येते, हे त्यालाही लहानपणापासून ठाऊक होते. "हिवाळा अजून संपलेला नाही," तो शेवटी म्हणाला. "ठरलंय ते ठरलंय. हे तुझ्या विसरण्यानं झालं नाही, तेव्हा पेटी भरायचं कारण नाही. पंपाचं मी बघतो. लोखंडच आहे ते, दुसरं मिळेल."

"कप परत ठेवू?"

"ठेव. एक मात्र राहू दे बाहेर. कॉफी हवीये मला."

"पाणी कुठंय कॉफीला, शहाण्या?"

"बर्फ वितळवतो. दारात कमी आहे का?"

अम्मा हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी स्वावाला जवळ ओढले. "मला विचारलं असतंस तर, पोरी."

"विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं, अम्मा."

"खरं आहे," अम्मा म्हणाल्या. "सांगायला आम्ही हवं होतं. तुझे आफी सगळं डोक्यात ठेवून गेले, आणि आम्हीही तेच करत बसलो."

मुलांनो, माझे सांगणे आता थोडेच उरले आहे. नवे दिवे जरूर लावा. नद्यांसाठी लावा, माशांसाठी लावा, अजून न जन्मलेल्या मुलांसाठी लावा. मी गेलो म्हणून रडू नका. पण कोणतीही जुनी गोष्ट जागेवरून हलवण्याआधी क्षणभर थांबा आणि विचारा, ही इथे नेमके काय करत होती? तिच्या नावावरून ते कळेलच असे नाही. मला सगळे दिवा म्हणत आणि मी शेगडीचे काम करत होतो. तुमच्या घरातली वयस्क माणसेही अशीच असतात. ती नुसती बसलेली दिसतात, आणि एखाद्या थंड दिवशी कळते की सगळे घर त्यांच्या उबेवर तगून होते. त्यांना विचारा. आणि मोठ्यांनो, तुम्ही हे वाचत असाल तर विचारण्याची वाट पाहू नका. सांगून ठेवा.

त्या दिवशी दुपारी स्टेफान पातेल्यात बर्फ घेऊन आला तेव्हा रेडिओ सुरू होता. आज पारा कालच्याही खाली जाणार, असे कोणीतरी सांगत होते.

स्वावाने डोके वर केले. "बाबा, आमच्या वर्गातल्या सगळ्यांनी तसलीच खोकी नेली."

"मग?"

"त्यातले बरेच जण शेतावर राहतात. त्यांच्याकडेही पंपघरं आहेत."

स्टेफानचा हात पातेल्यावरच थांबला. "सगळ्यांनी थोडाच तुझ्यासारखा पंपघरातला दिवा काढला असेल! सोमवारी शाळेत सांग सगळ्यांना. एकदम सांगून होईल."

"सोमवारपर्यंत फुटतील."

"अगं, पण प्रत्येकाला सगळी हकिगत सांगावी लागेल तुला. वर्गभर होईल."

स्वावाने दप्तरातून वर्गातल्या मुलांच्या घरच्या नंबरांचा कागद काढला, खुर्ची भिंतीवरच्या फोनखाली ओढली आणि वर चढून पहिल्या नावावर बोट ठेवले.

"हॅलो, मी स्वावा बोलतेय, हालदोर आफींची नात. काकू, तुमच्या पंपघरातला दिवा कोणी बदललाय का? दिसतोय म्हणू नका, काकू, आमचाही दिसत होता. आत जा आणि हात लावून बघा. हो, आत्ताच." पलीकडून काहीतरी विचारले गेले. "कारण आमचा पंप फुटलाय. आणि तो माझ्यामुळे फुटलाय."

तिने फोन ठेवला, बोट पुढच्या नावावर सरकवले आणि दुसरा नंबर फिरवला.